गोल्फला बर्मुडा चालते का? चालते, पण कुठली ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४६, उंची पाच फूट आठ इंच, कंबर ३८. सहा महिने रेंजवर चेंडू मारून झाल्यावर गेल्या रविवारी मित्रांबरोबर पहिल्यांदा पूर्ण १८ होल खेळायला गेलात. अंगात घरातली चांगली, सहा खिशांची बर्मुडा होती. स्टार्टरने, म्हणजे खेळ सुरू करून देणाऱ्या क्लबच्या माणसाने, ती बघून थांबवलं. मित्राच्या गाडीत नशिबाने एक जादा शॉर्ट होती, ती घालून खेळलात, आणि बाराव्या होलपर्यंत मांड्या आतून अशा सोलवटल्या की पुढची सहा होल पाय फाकून चालावं लागलं. आता ऑनलाइन सातशेपासून सात हजारांपर्यंतच्या शॉर्ट्स दिसताहेत, सगळ्यांवर 'गोल्फ' लिहिलेलं, आणि तुम्ही विचारताय की कुठल्या कंपनीची घ्यावी, कॉटन घ्यावी की पॉलिस्टर. जाता जाता पत्नीसाठीही विचारलंय.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. ते टाळायचं म्हणून नव्हे, तर एकाच कंपनीच्या दोन शॉर्ट्समध्येही एक मांडीला धार्जिणी आणि दुसरी वैरीण निघू शकते. तुमचे त्रास दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला क्लबच्या नियमाचा, तो एका फोनवर सुटतो. दुसरा मापाचा, आणि त्यात कापडाचा दोष तुम्हाला वाटतो तेवढा नाही.

मी पुण्यात गोल्फ शिकवतो, आणि शिकवायला लागण्याआधी अकरा वर्षं कॅडी होतो. कॅडीला साहेबाचा चेहरा कमी आणि पाठमोरी बाजू जास्त दिसते. बॅग खांद्यावर घेऊन चार-साडेचार तास माणसाच्या मागे चाललं की त्याची विजार कुठे अडकते, कुठे सरकते, कधी फाटणार, सगळं समजायला लागतं. एका साहेबांची तर सतराव्या होलवर, पटची, म्हणजे भोकाजवळच्या हलक्या फटक्याची, रेघ बघायला बसताना, चर्रकन् उसवली. मी टॉवेल पुढे केला आणि त्यांनी तो लुंगीसारखा गुंडाळून अठरावं होल पूर्ण केलं. त्या होलवर 'पार' केला, म्हणजे ठरलेल्या तेवढ्याच फटक्यांत चेंडू भोकात घातला, हे मात्र त्यांनी पुढे कित्येक महिने सगळ्यांना सांगितलं.

आधी नियमाचं उरकतो. आपण मराठीत कुठल्याही अर्ध्या विजारीला बर्मुडा म्हणतो: नाडीची, सहा खिशांची, झोपताना घालायची, सगळ्या बर्मुडाच. मूळची बर्मुडा मात्र भलतीच सभ्य गोष्ट आहे. उष्ण मुलखातल्या ब्रिटिश सैनिकांच्या हाफ पँटवरून ती आली, आणि बर्म्युडा बेटावर चक्क ऑफिसचा पोशाख झाली. वर कोट-टाय, खाली गुडघ्याच्या जरा वर संपणारी कडक इस्त्रीची शॉर्ट, आणि गुडघ्यापर्यंत मोजे. गोल्फ क्लबांच्या मनात 'शॉर्ट' म्हटलं की हीच आहे. म्हणून पुढून सपाट, चेन-बटणाची, बेल्टसाठी पट्ट्या असलेली, खिसे आतल्या बाजूला शिवलेली आणि गुडघ्याच्या आसपास पोचणारी शॉर्ट बहुतेक ठिकाणी चालते. बाहेरून खिसे चिकटवलेली कार्गो, डेनिम, नाडीची, पोहायची किंवा फुटबॉलची चालत नाही. वर कॉलरचा टीशर्ट, तोही आत खोचलेला.

(बर्म्युडाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आपल्याकडच्या कोर्सवर जे 'बर्म्युडा ग्रास' म्हणून मिरवतं ती आपली हरळी. गणपतीला ज्या दूर्वा वाहतो, त्याच. शेतकरी ती उपटून उपटून कंटाळतो आणि इथे तिला दोन वेळा पाणी घालतात.)

'बहुतेक ठिकाणी' म्हणालो, कारण यापुढे सगळं त्या त्या क्लबवर आहे. काही जुने क्लब मोजे किती लांब असावेत तेही सांगतात. काही ठिकाणी कोर्सवर शॉर्ट चालते, पण खेळून झाल्यावर जेवणाच्या हॉलमध्ये चालत नाही. लष्कराच्या कोर्सवर नियम सहसा लेखी असतो आणि पाळलाही जातो. मुंबईत चेंबूरच्या कोर्सवर चाललं म्हणून पुण्यात चालेल असं नाही. जायच्या आदल्या दिवशी क्लबच्या ऑफिसात फोन करून 'शॉर्ट चालेल का, मोजे कुठले' एवढं विचारा, त्यात कमीपणा नाही. तरीही पहिली दोन-तीन वेळा गाडीच्या डिकीत एक पूर्ण पँट टाकून ठेवा.

आणि स्टार्टरवर राग धरू नका. मोठमोठ्या खेळाडूंनाही या बाबतीत बरीच वाट बघावी लागली. युरोपियन टूरने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेने, २०१६ मध्ये सरावाच्या फेरीत शॉर्ट्सना परवानगी दिली, अमेरिकेच्या पीजीए टूरने २०१९ मध्ये, तीही फक्त सराव आणि व्यावसायिक-हौशी मिळून खेळतात त्या प्रो-अ‍ॅमपुरती. स्पर्धेच्या दिवशी तिथे अजूनही पूर्ण पँट लागते. आम्हा कॅडी मंडळींना मात्र पीजीए टूरवर १९९९ मध्येच मुभा मिळाली, कारण त्या वर्षी शिकागोजवळच्या वेस्टर्न ओपनमध्ये एक कॅडी भर उकाड्यात कोसळला. आमच्या लाइनीत हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे.

आता तुमच्या मांड्यांकडे वळू.

शॉर्ट आपण आरशासमोर उभं राहून घेतो. गोल्फमध्ये नुसतं उभं राहणं फार थोडं असतं. एका होलवर टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, रोवायला वाकता, टी उचलायला वाकता, ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडूमागे खुणेचा मार्कर ठेवायला वाकता, आणि शेवटी कपातून चेंडू काढायला वाकता. चार गुणिले अठरा म्हणजे बहात्तर वेळा, आणि यात पटची रेघ बघायला उकिडवं बसणं धरलेलंच नाही. शिवाय प्रत्येक फटक्याला कंबर वळते, फटका संपताना उजव्या हाताने खेळणाऱ्याचं सगळं वजन डाव्या पायावर येतं, उजवी टाच उचलते आणि बेल्टचं बक्कल लक्ष्याकडे तोंड करतं. त्यात १८ होल पायी म्हणजे आठ ते दहा किलोमीटर चाल. उभ्याने छान दिसणारी शॉर्ट या सगळ्यात कशी वागते ते ट्रायल रूममध्येच बघायला हवं.

म्हणून दुकानात जाताना खिशात गोल्फचे दोन चेंडू, चार टी आणि ग्लोव्ह घेऊन जा. नवीन शॉर्ट घाला, ते सगळं तिच्या खिशात भरा, टीशर्ट खोचा, आणि तीन गोष्टी करा.

पहिली, पूर्ण उकिडवे बसा, आपण जुन्या पद्धतीच्या संडासात बसतो तसे. मागून कंबर खाली ओढली जाऊन टीशर्ट बाहेर आला, तर सीट उथळ आहे. जांघेत ताण आला तर पुढचं बघूच नका, ती माझ्या सतराव्या होलच्या साहेबांची शॉर्ट आहे. चांगल्या खेळाच्या शॉर्टमध्ये दोन पाय जिथे जुळतात तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा एक जादा तुकडा शिवलेला असतो. त्यामुळे चारही शिवणी एका बिंदूवर येत नाहीत आणि बसताना कापड पसरायला जागा मिळते. शॉर्ट उलटी करून हा तुकडा आहे का ते बघा. माझ्या लेखी लेबलवरच्या कुठल्याही मोठ्या शब्दापेक्षा याची किंमत जास्त आहे.

दुसरी, क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, हातात असल्यासारखा सावकाश पूर्ण स्विंग करा आणि शेवटच्या स्थितीत थांबा. उजव्या मांडीवर कापड चिकटून वर सरकलं का ते बघा.

तिसरी, ट्रायल रूममधून बाहेर या आणि दुकानात पन्नास पावलं भरभर चाला. लोक बघतील, बघू देत. नंतर थांबून खाली बघा. पायाची आतली कड पहिल्या जागी आहे की वर चढून दुमडली आहे?

तुमचं दुखणं याच तिसऱ्या परीक्षेतलं आहे. मित्राची शॉर्ट तुम्हाला मांडीत अरुंद होती असा माझा अंदाज आहे. मांडी भरलेली असली आणि कापड घट्ट असलं की चालताना ते वर वर चढतं, आतल्या बाजूला गोळा होतं, आणि खालची उघडी मांडी दुसऱ्या उघड्या मांडीवर घासायला लागते. त्यात घाम. सुरुवातीला घामाने त्वचा निसरडी होते, मग ती भिजून मऊ पडते, आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेलं मीठ काचपेपरचं काम करतं. म्हणून पहिल्या नऊ होलना काही कळत नाही आणि बाराव्यावर आग होते.

मापाचं बोलायचं तर तुमच्या उंचीला आतली शिवण, म्हणजे जांघेपासून खालच्या कडेपर्यंत, नऊ इंच बघा. उभं राहिल्यावर कड गुडघ्याच्या वाटीच्या दोन-तीन बोटं वर यायला हवी. सात इंची शॉर्ट सध्या फॅशनमध्ये आहे, बारीक पोरांना शोभतेही, पण भरलेल्या मांडीवर ती आतला भाग झाकत नाही. दुसऱ्या टोकाला, गुडघ्याखाली लोंबणारीही नको. २०१९ पासून नियम बदलला आहे: चेंडू ड्रॉप करायचा, म्हणजे हातातून खाली सोडायचा, तो खांद्याच्या नाही, गुडघ्याच्या उंचीवरून. घोळदार शॉर्टमध्ये आपला गुडघा कुठे आहे हे सोबतच्या खेळाडूंना दिसतच नाही आणि उगाच वाद होतात. पायाच्या घेरात, उभं असताना, मांडीच्या बाजूला चिमटीत साधारण दोन इंच कापड यावं.

कंबरेसाठी लेबलवर ३८ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. टेप लावा, आणि तोही जिथे तुम्ही पँट प्रत्यक्ष घालता तिथे. आपल्या वयाला बरेच जण ती ढेरीच्या खाली घालतात, मग दर दोन होलनंतर वर ओढतात, शेवटी वैतागून बेल्ट एक भोक आवळतात आणि तो दिवसभर काचतो. कंबरपट्टीच्या आतून रबराची बारीक रेघ असलेल्या शॉर्ट्स मिळतात. ती रेघ खोचलेला टीशर्ट धरून ठेवते. दोन्ही बाजूंना आतून थोडं इलॅस्टिक असेल तर आणखी बरं, जेवणानंतरच्या नऊ होलसाठी विशेषतः.

आता तुमचा मूळ प्रश्न, कॉटन की पॉलिस्टर. याचं उत्तर तुम्ही कुठे आणि कधी खेळता यावर आहे. घाम वाळतो तो हवेत जागा असेल तर. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची दुपारची हवा कोरडी असते, तिथे पातळ कॉटनही बऱ्यापैकी चालतं, अंगाला थंड वाटतं. तेच कॉटन घेऊन मे महिन्यात मुंबईला खेळायला जा. समुद्राची दमट हवा घाम घेतच नाही, कॉटन मात्र तो पीत राहतं, जड होतं, चिकटतं आणि चिकटलेलं कापड मांडीवर ओढत राहतं. पॉलिस्टरचा धागा पाणी आत घेत नाही, ते कापडावर पसरतं आणि लवकर उडतं. वाईट बाजू ही की पॉलिस्टर घामातला तेलकट वास धरून ठेवतं. बॅगेत कोंबलेली शॉर्ट दुसऱ्या दिवशी काढली तर घरातली माणसं तुम्हाला जाब विचारतील.

मी स्वतः पॉलिस्टर किंवा नायलॉनमध्ये थोडं स्पँडेक्स असलेलं, आडवं-उभं दोन्हीकडे ताणणारं कापड घालतो. हातात धरून दोन्ही दिशांना ओढून बघा, आणि सोडल्यावर जागेवर येतं का तेही बघा. फार पातळ घेऊ नका, घामाने आतलं सगळं दिसतं. धुताना कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य घालू नका. त्याचा थर बसतो आणि घाम पसरायचा थांबतो. लोक महागडी शॉर्ट घेतात, चार धुण्यांत तिचा हा गुण घालवतात आणि मग कंपनीला शिव्या देतात.

पण एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाही, आणि निम्मं दुखणं तिथे आहे. आत काय घातलं होतं? साधी कॉटनची चड्डी, जिची शिवण नेमकी जांघेत येते, तिच्यावर सात हजारांची शॉर्ट घातली तरी उपयोग नाही. मांडीच्या मध्यापर्यंत येणारी, लांब पायांची, ताणणारी आतली चड्डी घ्या. मग कापड कापडावर घासतं, त्वचा त्वचेवर नाही. निघण्याआधी मांडीच्या आतल्या बाजूला थोडं व्हॅसलिन लावा. खोबरेल तेलही चालतं, पण फिक्या शॉर्टवर त्याचे डाग पडतात आणि ते डाग अशा जागी असतात की सोबतचे चौघे चार अर्थ काढतात. आता जी त्वचा सोलवटली आहे ती बरी होईपर्यंत चालायला जाऊ नका. आठवड्यात बरी झाली नाही, खाज सुटली किंवा गोल कडा दिसायला लागली, तर तो नायटा असू शकतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून सांगोवांगी ट्यूब आणू नका. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं, चार दिवस आराम वाटतो आणि नंतर ते चिवटपणे पसरतं.

खिशांबद्दल मी जरा जास्तच बोलतो असं माझे विद्यार्थी म्हणतात, पण ऐका. चेंडूचं वजन साधारण ४६ ग्रॅम असतं. दोन चेंडू, टी, ग्रीनवरचे खळगे बुजवायचा पिचफोर्क, मार्कर एवढं शॉर्ट सहज पेलते. मोबाइल मात्र पेलत नाही. दोनशे ग्रॅमचा ठोकळा मांडीवर आपटत राहतो, कंबर एका बाजूला ओढतो, आणि क्लब खाली आणताना कंबर वळते तेव्हा मन नकळत त्याच्याकडे जातं. तो बॅगेत टाका. खिशाचं तोंड फार तिरकं नको, बसल्यावर चेंडू बाहेर घरंगळतात. खिशाचं अस्तर जाळीचं असेल तर लाकडी टीचं टोक दोन महिन्यांत आरपार जातं आणि नंतर मांडीला टोचतं, म्हणून अस्तर भरीव असावं. मागचा उजवा खिसा ग्लोव्हसाठी. पट करताना डाव्या हातातला ग्लोव्ह काढून तिथे अर्धा बाहेर लटकत ठेवला की वाळतोही. त्या खिशाला बटण असेल तर ते लावू नका. मार्करसाठी रुपयाचं नाणं उत्तम.

रंगाबाबत एवढंच की फिक्या राखाडीवर घाम सगळ्यात जास्त दिसतो, गडद निळ्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात आणि पांढरी पावसाळ्यात लाल मातीची होते. खाकी किंवा मध्यम करडा रंग घ्या आणि सुखी राहा.

शॉर्ट कधी घालू नये, हेही सांगायला हवं. पावसाळा संपता संपता रफमधलं, म्हणजे खेळायच्या पट्ट्याच्या कडेचं, गवत वाढलेलं आणि वाळत आलेलं असतं. त्यात चेंडू शोधायला शिरलात की कुसळं मोज्यांत घुसतात, आणि ती काढण्यात चेंडू शोधायची नियमातली तीन मिनिटं कधीच संपतात. कडेला गाजरगवत असतं, त्याने काहींच्या अंगावर पुरळ उठतं. पाणथळ भागात साप दिसणं ही मी कॅडी असताना नवलाची गोष्ट नव्हती. नवीन खेळाडूचा चेंडू रफमध्ये जास्त जातो (तुमचाही जात असणार, वाईट वाटून घेऊ नका), म्हणून ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत मी नवशिक्यांना पातळ पूर्ण पँटच सुचवतो. आणि शॉर्ट घातलीत तर सनस्क्रीन चेहऱ्याइतकंच गुडघ्याच्या मागे आणि पोटऱ्यांना लावा. पटसाठी वाकलेलं असताना ऊन तिथेच बसतं.

तुमच्या पत्नींसाठी वरचं सगळं लागू आहे, फक्त बायकांच्या शॉर्ट्सचे खिसे बहुतेक वेळा नावापुरते असतात. चेंडू खिशात जातो का, हे त्यांनी पैसे देण्याआधी बघावं. वरून स्कर्ट आणि आत शॉर्ट शिवलेला स्कॉर्ट हा प्रकार माझ्या विद्यार्थिनींना जास्त आवडतो, कारण मांडीला मांडी लागण्याचा प्रश्न आतल्या शॉर्टने आपोआप मिटतो. लांबीचा नियम मात्र क्लबला विचारा.

शिंप्याकडून शिवून घेता येते का? येते, मी स्वतः कित्येक वर्षं तेच केलं. पण ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई आणि ताणणारा दोरा लागतो. साध्या दोऱ्याने शिवली तर कापड ताणलं जातं, शिवण तुटते. शिंप्याला हे आधी विचारा. तो 'काही होत नाही साहेब' म्हणाला तर कापड परत घेऊन या.

खरं तर येत्या रविवारसाठी तुम्हाला काही विकत घ्यायची गरजही नसेल. घरात ऑफिसची एखादी जुनी, मांडीत सैल, थोडी ताणणारी पँट असेल, जिची खालची कड झिजली आहे म्हणून घालत नाही, अशी. ती घालून वरच्या तीन परीक्षा द्या. पास झाली तर शिंप्याला गुडघ्याच्या वाटीवर दोन बोटं ठेवून खूण करून द्या, कापल्यावर दीड इंच आत दुमडायला सांगा. लांब पायांची आतली चड्डी तेवढी नवीन आणा. दोन-तीन राउंड तशा खेळून झाल्या की आपल्याला काय बोचतं ते कळेल, मग दोनच चांगल्या शॉर्ट्स घ्या, एक धुण्यात आणि एक अंगात.

आणि मित्राची शॉर्ट परत देताना तिची कंबर किती आहे ते लेबलवर बघून मला कळवा. माझी पैज ३६ वर आहे.